न्यूरेंबर्गच्या बाईंची पत्रं

मार्गेट,
९ मे १९०४

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. मग पत्र उघडलं. गुरुवारी हार्विचहून बोटीनं निघतेस, न्यूरेंबर्गला जाऊन आपल्या बाईंचं थडगं शोधणार आहेस, त्यावर फुलं ठेवणार आहेस, आणि त्यांचं घर कुठल्या गल्लीत होतं ते मला ठाऊक असणारच, कारण मंडळाचा जर्मन पत्रव्यवहार माझ्याकडे होता, असं तू लिहिलं आहेस. पुढे लिहिलंस की तिथे उभं राहून तुला एकच गोष्ट विचारायची आहे. तुझ्या बाबांच्या बाबतीत त्यांनी तुला गप्प का ठेवलं? "त्यांना पुढचं काहीतरी दिसलं असणार, मिली. तसं नसेल तर मी जगायचं कसं?" हे तुझं वाक्य मी दोन दिवसांत इतक्यांदा वाचलंय की कागद घडीवर विरायला आला. हेस्टर, ट्रंक अजून भरू नकोस. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव. शिव्या घालायच्या असल्या तरी सगळं वाचून झाल्यावर घाल, म्हणजे एकही वाया जाणार नाही.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. सहा मुलींना जर्मन शिकवते. त्यातल्या पाचजणींना ते येत नाही आणि सहावीला यावंसं वाटत नाही. घरमालकीण रविवारी मटण इतकं शिजवते की ते चमच्यानं खाता येतं. समुद्राच्या वाऱ्यानं गुडघे धरतात. डॉक्टर ट्रेंचर्ड गेल्याचं फेब्रुवारीत कळलं, पण दफनाला मी आले नाही. तू मनात राग धरला असशील, आणि मंडळातली बाकीची मंडळी म्हणाली असतील की मिलिसेंट टॅरंट आधीपासूनच थंड रक्ताची. म्हणू देत. मी आले नाही, कारण तिथे तुझ्या शेजारी उभं राहावं लागलं असतं. इतकी वर्षं मी तुझ्यापासून लांब राहिले ते मार्गेटच्या हवेसाठी नव्हे.

तुला आठवतं, पहिल्यांदा आपण भेटलो तेव्हा तुझ्या डोळ्यांवर पट्टी होती? हॅमरस्मिथला पियानोच्या गोदामावरची ती लांबट खोली, दारात एक काळा खांब आणि एक पांढरा खांब, दोन्ही पुठ्ठ्याचे, आणि मधून तुला हाताला धरून आणायचं काम माझं. खाली कुणीतरी पियानोचे सूर जुळवत होतं, एकच सूर, टिंग टिंग टिंग. तुला शपथेतलं एकेक वाक्य माझ्यामागून म्हणायचं होतं. या खोलीत जे पाहीन, जे ऐकेन, जे शिकेन ते बाहेर कुणाला सांगणार नाही, आईबापांना नाही, नवऱ्याला नाही, पाद्र्याला नाही; सांगितलं तर जीभ टाळूला चिकटो. पाद्र्याला नाही म्हणताना तू किंचित अडखळलीस. तुझे वडील पाद्री आहेत हे मला नंतर कळलं.

मंगळवारची संध्याकाळ आली की अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं आपल्याला. प्रत्येकानं आपली चार साधनं स्वतःच्या हातानं करायची, दुसऱ्याचा हात लागला तर ती निर्जीव, असा नियम. काठी, पेला, कट्यार आणि रंगवलेली तबकडी. माझ्या हाताला रंगाचं वावडं. माझी तबकडी बिघडलेल्या ऑम्लेटसारखी झाली, आणि तू "दे इकडे, कोण बघतंय!" म्हणून ती हिसकावून घेतलीस आणि एका दुपारी नवी करून दिलीस. परीक्षेच्या दिवशी डॉक्टर ती हातात घेऊन म्हणाले, "मिस टॅरंट, तुमच्यात हे तेज आहे असं वाटलं नव्हतं!" तू खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळालीस. आणि त्या सरावाच्या गमती! पूर्वेला तोंड करून कट्यारीनं हवेत तारा काढायचा आणि देवाची हिब्रू नावं अशी लांबवून म्हणायची की जमीन थरथरली पाहिजे. मी खोलीत मनापासून थरथरवत होते तर माझ्या तेव्हाच्या घरमालकीण मिसेस कॉब पेपरमिंटचं पाणी घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "पोटात कळ उठली की असंच होतं हो, माझी बहीण गेली तेव्हा असंच कण्हायची." त्यानंतर मी उशी तोंडावर धरून देवाला हाका मारत असे.

हसू येतं आज, पण ते सगळं थोतांड होतं असं मी म्हणणार नाही. तू पूर्वेच्या आसनासमोर उभी राहून हात वर केलेस की खोलीत काहीतरी बदलायचं. जमलेली माणसं म्हणजे कोण? एक विमा कचेरीतला कारकून, एक नट, दोन शिक्षिका, एक निवृत्त कर्नल. बाहेर कुणी त्यांना विचारत नव्हतं. तुझ्यासमोर ती सरळ उभी राहायची. मीही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं वाचल्यावर तुला वाटेल की मी सगळा वेळ मनात हसत होते. नाही गं. मला तर विश्वास ठेवायला तुझ्यापेक्षा जास्त कष्ट पडत होते आणि तरी मी तो ठेवत होते.

आता बाईंचं. वेदीच्या मागे भिंतीवर काचेत लावलेली ती सनद तू शंभरदा पाहिली असशील. तिरप्या जर्मन अक्षरांतलं पिवळं पत्र, खाली लाखेचा शिक्का. मिसरच्या पुजाऱ्यांकडून सॉलोमन राजाकडे, तिथून ज्यू पंडितांकडे, तिथून जर्मनीतल्या गुप्त बंधूंकडे आणि त्यांच्यातल्या शेवटच्या जिवंत ज्ञानी म्हणजे न्यूरेंबर्गच्या फ्राउ वाल्डेनफेल्स यांच्याकडे आलेली विद्या त्यांनी डॉक्टर ट्रेंचर्डना लंडनमध्ये द्वार उघडून वाटण्याची परवानगी दिली, असा त्यातला मजकूर. मोठा प्रश्न पडला की आपण बाईंना विचारायचो. डॉक्टरांच्या हाती प्रश्न द्यायचा. सहा-सात आठवड्यांनी न्यूरेंबर्गच्या शिक्क्याचं मोहोरबंद पाकीट यायचं. ज्याचं त्यानंच ते फोडायचं, जर्मन येत नसेल तर माझ्याकडून एकांतात वाचून घ्यायचं, मग धुपाच्या निखाऱ्यावर जाळायचं, आणि त्याबद्दल कुणाजवळ अक्षर काढायचं नाही, खुद्द डॉक्टरांजवळसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, आपल्या मंडळानं तेवढंच शास्त्र अगदी चोख पाळलं.

न्यूरेंबर्गला तुला ती गल्ली सापडणार नाही, हेस्टर. थडगंही नाही. फ्राउ वाल्डेनफेल्स नावाची बाई कधी जन्मलीच नाही. ती सनद मी लिहिली. फुलहॅमला, डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, कोऱ्या कागदाला चहाच्या पाण्यात बुडवून. नंतरची सगळी पत्रंही माझीच. डॉक्टर इंग्रजीत चार ओळींचा मसुदा द्यायचे, मी त्याचं जर्मन करायची. न्यूरेंबर्गला लाकडी खेळणी विकणारा एक म्हातारा डॉक्टरांच्या ओळखीचा होता. पाकीट त्याच्याकडे जायचं आणि तो तिकडचं तिकीट लावून परत टाकायचा. त्याला वाटायचं, कुठल्यातरी प्रेमप्रकरणाची भानगड आहे. बिचारा दर नाताळला "धीर धरा" अशी चिठ्ठी पाठवायचा.

मी डॉक्टरांना एकदा तोंडावर विचारलं होतं की हे कशासाठी. विद्या तर खरी होती, म्हणजे निदान जुनी होती. म्युझियमच्या वाचनालयात त्यांनी वीस वर्षं घालवली होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन पोथ्या, ज्यूंची अक्षरविद्या, सॉलोमनच्या नावावर कुणी कुणी खपवलेली मंत्रांची बाडं, यातून तुकडे काढून त्यांनी आपली गोधडी शिवली होती, आणि टाके फार सुंदर होते. ते म्हणाले, "मिस टॅरंट, मी फुलहॅमचा गळवं फोडणारा डॉक्टर. माझ्या नावानं कोण येईल? माणसाला दूरची आणि म्हातारी बाई लागते. दार खोटं असू द्या, आतली खोली खरी आहे." मी गव्हर्नेसची नोकरी सुटलेली, एकटी, पस्तिशीची बाई. आतल्या खोलीत तू होतीस. मी गप्प बसले.

इथवर वाचून तू कदाचित म्हणशील, म्हणजे डॉक्टरांनीच मला बाबांपासून तोडलं. असं म्हणू नकोस, पुढे वाच.

पंचाण्णवच्या नाताळात तू थॉर्नबीला घरी गेलीस आणि तुमच्या मोलकरणीला कपाटात चादरींखाली ती कट्यार आणि लाल झगा सापडला. तू परत आलीस ती सुजलेल्या डोळ्यांनी. बाबा ओरडले नाहीत, त्यांनी फक्त तुला अभ्यासिकेत बोलावून विचारलं, "तिथे काय करता तेवढं सांग. मी प्रवचन देणार नाही." आणि तू शपथेला बांधलेली! हिब्रू मुळाक्षरं, ग्रहांची नावं, पूर्वेला तोंड करून म्हणायच्या प्रार्थना, यातलं सगळं कुठल्याही म्हाताऱ्या पाद्र्याच्या कपाटात सापडलं असतं, तरी ते तुझ्या तोंडून निघायचं नाही. ते म्हणाले, "मग तू सांगेपर्यंत मी तुला घरात घेऊ शकत नाही, पोरी." तू लगेच बाईंना विनंती लिहिलीस की एवढ्या एका माणसाला सांगायची मोकळीक द्या. त्या कागदावर डाग पडले होते. मला माहीत आहे, कारण तो माझ्याच टेबलावर येऊन पडला.

आता एक गोष्ट जी तुला कुणीच सांगितलेली नाही. त्या फेब्रुवारीत तुझे वडील मला भेटायला आले होते. माझा पत्ता त्यांना तुझ्या जुन्या पाकिटावर मिळाला. दारात उभे, ओला कोट, हातात घरची क्विन्स फळाच्या मुरंब्याची बरणी. बसले, चहा घेतला, मिसेस कॉबच्या केकची स्तुती केली, यावरून माणूस किती सभ्य होता ते समज. मग म्हणाले, "मिस टॅरंट, मला तुमची गुपितं नकोत. ती तिथे नाव कुणाचं घेते, एवढंच सांगा." मी म्हटलं, "मीही शपथ घेतली आहे, सर." त्यावर ते थोडं हसले. "चाळीस वर्षं चर्चमध्ये मी लोकांना बोला बोला म्हणतोय आणि कुणी ऐकत नाही. तुमच्या डॉक्टरांनी लोकांना गप्प बसवून दाखवलं. शिकलं पाहिजे त्यांच्याकडून." मग टोपी हातात घेऊन उठता उठता अगदी सहज म्हणाले, "मागे तिच्या तोंडून एका जर्मन बाईंचा उल्लेख निसटला. एखादं पत्र पाहायला मिळालं तर बरं होतं. तरुणपणी गॉटिंगेनच्या विद्यापीठात तीन वर्षं काढलीत मी. ती जुनी अक्षरं मला अजून वाचता येतात."

चोराच्या मनात चांदणं. माझं जर्मन मी बांबर्गला चार वर्षं मुलांना आंघोळी घालता घालता शिकले होते. हॅमरस्मिथमध्ये ते चाललं, कारण तिथे दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. गॉटिंगेनमध्ये शिकलेल्या माणसानं ती काचेतली सनद दोन मिनिटं वाचली असती तर त्याला कळलं असतं की ही कुणा वृद्ध जर्मन विदुषीची भाषा नाही, इंग्रज दाईची आहे. तुला सांगायची मोकळीक मिळाली की ते तुझ्यासोबत मंडळात येणार. आले की सनद वाचणार. वाचली की तुला सांगणार. आणि तू माझ्याकडे वळून बघणार. मला मंडळ बुडण्याची भीती नव्हती, हेस्टर, देवाशपथ नव्हती. तू माझ्याकडे वळून कशी बघशील, याचीच होती.

मार्चच्या शेवटी ते पाकीट आलं. तू माझ्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलीस आणि हातमोजे न काढता मला ते दिलंस. मी वाचलं: "रक्ताच्या नात्यापुढेही मौन. ज्याला आपण ओळखत नाही असं एक संकट यामुळे टळते आहे." तू एकदा विचारलंस, "नक्की असंच आहे?" मी म्हटलं, नक्की. तुला जर्मन कुठे येत होतं! कागदावर काहीही असू दे, मी त्या क्षणी "सांग, जा, आजच जा" असं वाचलं असतं तरी तू विश्वास ठेवला असतास, आणि संध्याकाळची गाडी पकडली असतीस. तोंड उघडलं होतं मी. तू निखारा फुंकलास, कागद ठेवलास आणि म्हणालीस, "त्यांना दिसतंय म्हणजे ठीक आहे." नोव्हेंबरमध्ये तुझे वडील गेले. तू पोचलीस तेव्हा माती टाकून झाली होती आणि तुझ्या आत्यानं फाटकातूनच परत पाठवलं. आपली मुलगी सैतानाला विकली गेली आहे, असं ते शेवटी म्हणत होते का, हे तू आत्याला विचारलंस आणि तिनं फाटकाची कडी लावली. तेव्हापासून, साडेसात वर्षं, तू बाईंना पुढचं दिसलं होतं या एका काडीला धरून आहेस. ती काडी मी आज काढून घेते आहे, आणि तिच्या जागी द्यायला माझ्याकडे काहीच नाही.

सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे. अक्षर डॉक्टरांचं, तू ओळखशील. हा तुझ्या विनंतीवरचा त्यांचा मसुदा, जो मला जर्मनमध्ये लिहायला दिला होता: "तिला सांगू द्या. बापापेक्षा मोठी शपथ आमच्याकडे नाही." त्यांना जर्मन येत नव्हतं, आणि पत्राबद्दल विचारायचं नाही हा नियम त्यांचाच, म्हणून मी 'हो'चं 'नाही' केलं हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. तुझे वडील गेल्यावर ते मला म्हणाले होते, "निदान पोरीशी बोलून तरी गेले." मी मान हलवली. तू गुरुवारी परक्या गावात, दारोदार, नसलेल्या बाईचं नाव विचारत फिरशील हे मला सहन होईना, म्हणून हे पत्र. क्षमा मागत नाही, ती मागायची लाज वाटते. तुझं पत्र यायच्या आधीच, गेल्या बुधवारी, मी थॉर्नबीला गेले होते, तुझ्या वडिलांच्या थडग्याशी. कुणी नव्हतं. तू त्यांना जे सांगितलं असतंस ते सगळं मी मोठ्यानं सांगितलं. कट्यार कशासाठी, पेला कशासाठी, पूर्वेकडे तोंड का, खोलीत पहिलं नाव कुणाचं घेतो आणि शेवटचं कुणाचं, आणि दोन्ही त्याच देवाची, ज्याची ते घेत. काही राखलं नाही. हेस्टर, सगळं सांगायला वीस मिनिटं लागली.

आता तुझी म्हणवून न घेता येणारी,
मिलिसेंट